विहीणबाई, पाय वर घ्या!

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायची हाताला सवय. पण आज तसं लिहिलं तर खोटं होईल. आणि ‘तब्येतीला जपा’ तरी आता कुठल्या तोंडाने लिहू? तुम्ही तब्येतीची कटकटच मिटवून बसलात!

पत्राला कारण झाली तुमची खुर्ची. आज सकाळी मंजिरी चहा ओतत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आई, सोमवारी डोनेशनचा ट्रक बोलावलाय. बेसमेंटमधली खुर्ची देऊन टाकतेय.”

मी म्हटलं, “कुठली गं?” जशा काही आपल्या बेसमेंटात पन्नास खुर्च्या आहेत!

“तीच. माईची.” एवढंच बोलली आणि कप तसाच ठेवून गाडीवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेली. गाडी काल गराजमध्ये होती, विहीणबाई. तिच्यावर बर्फ कुठून असणार?

तुम्ही गेल्यापासून तुमच्या लेकीच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं मी पाहिलं नाही. अंत्यविधीच्या दिवशी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थँक्यू म्हणत होती. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात. बेसमेंटात उतरते ती फक्त ड्रायरमधले कपडे काढायला, आणि तेव्हाही खुर्चीकडे पाठ करून. खुर्ची गेली की दुखणं गेलं, असं बिचारीला वाटतंय. माझ्या मते ते तिथेच गोठून बसेल, इकडच्या तळ्यांसारखं. वरून टणक, खाली पाणी.

आता मी काय करू? ‘देऊ नकोस’ म्हणायचा मला काय हक्क? खुर्ची तिच्या आईची. म्हणून तुम्हालाच विचारायला बसले. तुम्ही सीनियर!

तुम्हाला आठवतं, आपली पहिली भेट कशी झाली? ठाण्याच्या कार्यालयात तुम्ही चांदीचं तबक घेऊन माझे पाय धुवायला बसलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर वाचलेलं. तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, मॅट्रिक झालेल्या, एकटीने लेक वाढवलेल्या. मी पाय मागे घेतले, तर आमच्या नणंदबाई मागून म्हणाल्या, “वहिनी, घ्या की धुवून! मुलाची आई आहात.” तुम्ही वर बघून हळूच म्हणालात, “राहू द्या हो. माझीही हौस.” आणि पाणी कोमट आणलं होतंत. सांगलीच्या थंडीतून आलेल्या माझ्या पायांना ते कोमट पाणी अजून आठवतं.

पुढे इतक्या वर्षांनी सातासमुद्रापलीकडच्या याच मार्कहॅमच्या घरात आपण दोघी एका बेसमेंटात येऊन पडू, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तुम्ही रियाच्या वेळी बाळंतपणाला आलात. मी नंतर आले, हे गेल्यावर. माझा नितीन म्हणाला, “दोघी आहात, एकमेकींना सोबत होईल.” सोबत! पहिले सहा महिने आपण एकमेकींना ‘घ्या ना’, ‘नको, आधी तुम्ही’ याखेरीज काय बोललो हो? जेवायच्या टेबलावर मी पहिला घास घेईपर्यंत तुम्ही पोळीला हात लावायचा नाहीत. मला भूक नसेल तेव्हासुद्धा मी पटकन एक घास तोंडात कोंबायची, तुमची पोळी निवायला नको म्हणून.

त्यातच तुमच्या पायांना सूज. दोन दोन मोजे चढवून लपवायचात. एकदा रियाने ओढून काढले आणि ओरडली, “मम्मा! माईआजीज फीट आर लाइक ब्रेड!” मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं: बसताना पाय वर हवेत, खाली लोंबते उपयोगी नाहीत.

म्हणून नितीनने ती खुर्ची आणली. बाजूचा दांडा ओढला की पाय वर होतात ती. तपकिरी, लेदरची. टीव्हीसमोर मधोमध मांडली.

आणि कोणी बसेना!

तुम्ही म्हणायचात, “विहीणबाईंनी बसावं. मी त्यांच्याकडे पाय करून कशी बसू? शोभतं का?” मी म्हणायची, “पाय तुमचे सुजलेत, मी कशाला बसू?” झालं. खुर्ची मधे, राणीसारखी, आणि आपण दोघी तिच्या दोन बाजूंना सतरंजीवर मांडी घालून. नितीनला वाटलं, लेदर गार लागत असेल. इथं दुकानात वापरलेली वस्तूही परत घेतात, त्याने ती बदलून कापडाची आणली. तीही तशीच! मग त्याला वाटलं, उंच होत असेल. ती परत केली आणि तिसरी, बुटकी, निळी आणली. दुकानातल्या मुलाने म्हणे विचारलं, “व्हॉट्स द प्रॉब्लेम विथ इट?”

नितीन म्हणाला, “माय मदर्स वोन्ट सिट.”

“बोथ?”

“बोथ.”

शेवटी मंजिरीच कावली. जिन्यातून ओरडली, “नितीन, खोट खुर्चीत नाहीये! या दोघींच्या मानपानात आहे! तू अख्खं दुकान घेऊन आलास तरी या खालीच बसणार!”

अख्खं दुकान म्हणाली आणि तसंच झालं की हो!

ती मालिका तुम्हीच शोधून काढलीत. शनिवारी संध्याकाळी, तळ्यापलीकडच्या अमेरिकेतल्या चॅनलवर लागायची ती ब्रिटिशांची जुनी. कपड्यांचं बडं दुकान, एकाच मजल्यावर एकीकडे पुरुषांचे सूट, दुसरीकडे बायकांच्या टोप्या न् अंगातले कपडे. गिऱ्हाईक दिवसाला एखादं, पण थाट असा की जणू लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं गाव लोटलंय! इंग्रजी तर आपल्याला चार आणे कळायचं. बाकी बारा आणे तुम्ही मनचं घालायचात.

मला तो दिवस लख्ख आठवतो. गिऱ्हाईक आलं. धाकटा विक्रेता पुढे धावला, तर सगळ्यांनी त्याला डोळ्यांनी मागे ओढलं. आधी सीनियर उठणार. मग त्याला वाटलं तर दुसरा. टेप कोणी धरायची, बाई आल्या तर कोणी बोलायचं, जेवणाच्या सुट्टीत कोणी कुठे बसायचं, सगळं पायरीने. एकाची खुर्ची दुसऱ्याने घेतली म्हणून केवढा रुसवा! तुम्ही एकदम मांडीवर थाप मारलीत.

“अहो विहीणबाई, हे तर आपलं लग्नघर! तो कोटाला फूल लावून नुसता फिरतोय ना, तो मुलाकडचा मामा. काम शून्य!”

“आणि त्या फुगून बसलेल्या बाई?”

“आत्याबाई. कोणीतरी आहेर द्यायचा विसरलंय.”

मी इतकी हसले की ठसका लागला. आजवर मला वाटायचं मानपान हे खूळ फक्त आपल्यातच. इंग्रजही त्यातच बुडालेले! एवढं राज्य केलं, पण आधी कोण उठणार हे काही त्यांनाही सुटलं नाही.

त्याच संध्याकाळी मला सुचलं. ज्याच्यावर हसतोय त्याच औषधाने उतारा पडेल! मी म्हटलं, “विहीणबाई, आत्तापासून हे बेसमेंट म्हणजे दुकान. इथं मुलाकडची, मुलीकडची काही नाही. इथं फक्त सीनियर आणि ज्युनिअर. जो आधी नोकरीला लागला तो सीनियर.”

“म्हणजे?”

“रियाच्या वेळी या घरात आधी कोण आलं?”

तुम्ही विचार केलात. “आले मी. पण म्हणून...”

“झालं तर! तुम्ही सीनियर. मी कालची पोर. आणि सीनियर खाली बसला तर दुकानाची अब्रू जाते. विहीणबाई, पाय वर घ्या!”

“ज्युनिअरने सीनियरला हुकूम सोडायचा नसतो,” तुम्ही म्हणालात. काय बेरकी हो तुम्ही!

“मग तुम्ही सोडा.”

तुम्ही उठलात. खुर्चीच्या हातावर दोनदा हात थोपटलात, देवळात शिरताना उंबऱ्याला लावतात तसा. बसलात. पदर सारखा केलात. आणि माझ्याकडे न बघता, त्या दुकानातल्यासारखा चेहरा करून म्हणालात, “विहीणबाई, दांडा ओढा.”

मी ओढला. पाय वर आले, ते थेट माझ्याकडे. तुम्ही संकोचाने डोळेच मिटून घेतलेत. मी माझी शाल त्यांच्यावर टाकली. ते पाय बर्फासारखे गार होते. माझ्याकडे कोमट पाणी नव्हतं, शाल होती.

त्यानंतर वर आणि खाली अशी आपली दोन राज्यं झाली. जिना चढून वर गेलं की तुम्ही पुन्हा मुलीची आई, माझ्या घासाची वाट बघणाऱ्या. जिना उतरलं की सीनियर. खुर्चीच्या हातावर दोन थापा पडल्या की मी समजायचं, बाईसाहेब बसल्या, दांडा ओढा. हळूहळू शनिवारचं रोजचं झालं. सूजही उतरली थोडी. नितीनला वाटलं, तिसरी खुर्चीच चांगली होती!

मधेच ते चॅनलवाले मालिका थांबवून बघणाऱ्यांकडे पैसे मागायचे, आठवतं? चार माणसं फोनसमोर बसलेली. तुम्ही म्हणायचात, “आले वर्गणीवाले!” आणि मग हट्ट धरलात, लोकांचं फुकट बघायचं नाही. मंजिरीकडून वर्गणी पाठवलीत. त्यांनी प्रसाद म्हणून कापडी पिशवी पाठवली. तिच्यात तुमच्या गोळ्या, चष्मा न् जपमाळ. ती अजून खुर्चीच्या कानाला टांगलेली आहे.

आणि तो मॉल! तुम्हाला खरं दुकान बघायचं होतं. चांगली नारायणपेठ नेसून, वरून नितीनचं जुनं जॅकेट घालून निघालात. स्कारबरोच्या मॉलमधल्या त्या मोठ्या दुकानात आपण बायकांच्या कोटांपाशी जाऊन उभ्या राहिलो. मी कोटाला हात लावायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. “थांबा. आपण हात लावायचा नसतो. येतील ते. सीनियर आधी येईल.”

आपण थांबलो. आणखी थांबलो. कानात वायर घातलेली एक मुलगी आली, “यू लेडीज ओके?” म्हणाली आणि आपण ओके म्हणायच्या आत पसार! तुमचं तोंड एवढंसं झालं. “हे कसलं दुकान? कोणी विचारत नाही.” मग तुम्हीच ठरवलंत. मला आरशासमोर उभी केलीत, एक राखी कोट काढून मागून धरलात, बाह्या घालायला लावल्यात, खांदे झटकलेत. दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून म्हणालात, “व्हेरी नाइस, मॅडम.” बाजूच्या दोन गोऱ्या बायका बघत होत्या. बघू देत! मला आयुष्यात कोणी असा कोट घालून दिला नव्हता. दर हिवाळ्यात तोच घालते.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या मालिकेतल्या एक बाई सारख्या आपल्या मांजराबद्दल बोलायच्या आणि लोक खदखदा हसायचे. एकदा मंजिरी टॉवेलांची बास्केट घेऊन जिन्यात थबकली. “माई, तुम्हा दोघींना कळतंय का, ती काय बोलतेय?”

तुम्ही गंभीरपणे म्हणालात, “न कळायला काय? घरी मांजर एकटं असतं. जीव लागतो गं मुक्या जनावराचा. हसण्यासारखं काय आहे त्यात?”

मंजिरीने टॉवेल तोंडात कोंबला आणि वर पळाली. पुढे मला कळलं, मांजराच्या त्या इंग्रजी शब्दाला दुसरा, चारचौघांत न सांगण्यासारखा अर्थ आहे, म्हणून लोक हसतात. तुम्हाला सांगितलं नाही. आता तिथं कोणी इंग्रज भेटला तर त्याला विचारा आणि मग माझ्यावर चिडा!

आता माझी तक्रार ऐका. एवढं सगळं झालं, पण तुमची बॅग शेवटपर्यंत पलंगाखाली भरलेलीच. “लेकीच्या घरी किती राहायचं? पाहुणीच मी.” दर उन्हाळ्यात तिकीट, दर उन्हाळ्यात रद्द. आणि हॉस्पिटलात, नाकात नळ्या असताना, मंजिरीला काय विचारलंत? “विहीणबाई जेवल्या का?” अहो, तिला जवळ घ्यायचं होतं ना! ‘तू जेवलीस का’ विचारायचं होतं! ती पोर तिथून बाहेर आली आणि व्हेंडिंग मशीनसमोर उभी राहिली, नुसती. मी म्हटलं, “मंजिरी...” तर म्हणाली, “आय अॅम फाइन, आई.” तेव्हापासून ती फाइनच आहे.

टीव्हीवर आता त्या दुकानवाल्यांची वेळ होईल. मी खाली जाते. बाकी उद्या.

*

आज रविवार. दुपार. सगळे ग्रोसरीला गेलेत. कालचं लिहिते.

काल मी खाली गेले, माझ्या जागी सतरंजीवर बसले आणि टीव्ही मुद्दाम मोठा केला. वर मंजिरीला ऐकू जाईल इतका. नितीन ओरडला, “आई, आवाज!” मी बहिरी झाले.

ड्रायरची शिट्टी वाजली. मंजिरी खाली आली, पाठ करून कपडे काढायला लागली. मी टीव्हीकडे बघतच म्हटलं, “मंजिरी, दुकानात जागा निघाली आहे.”

“काय?”

“सीनियर गेल्या. दुकान बंद ठेवून चालत नाही. ज्युनिअरची जागा भरायची आहे. एकच अर्ज आलाय.”

“कोणाचा?”

“तुझा.”

ती वळली. मी सगळं सांगितलं. खाली कोण सीनियर होतं, वर कोण होतं, का होतं. तिला माहीत नव्हतं, विहीणबाई! इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिची आई या घरात अवघडून दिवस काढतेय, खुर्चीतही कोणाच्या तरी भिडेने बसतेय. ती खुर्ची तिला का नको होती ते मला तेव्हा कळलं. “माई इथं कधी रमलीच नाही,” ती म्हणाली, “मीच तिला ठेवून घेतलं. बॅगसुद्धा उघडली नाही तिने.”

मी म्हटलं, “बॅग पाहुणीची होती गं. वरची. खाली तुझी आई रुबाबात असायची. माझ्याकडे पाय करून! मला हुकूम सोडायची, दांडा ओढा म्हणून. विचार त्या पिशवीला.”

मंजिरी पिशवीकडे बघत राहिली. तेवढ्यात टीव्हीवर त्या बाई आल्या आणि बोलल्या मांजराबद्दल. बोलणारच, प्रत्येक वेळी बोलतात. मी अगदी तुमच्यासारखं तोंड करून म्हटलं, “जीव लागतो गं मुक्या जनावराचा.”

आधी नुसता नाकातून आवाज आला. मग ती हसायला लागली. टॉवेल तोंडात कोंबला, तरी थांबेना. हसता हसता सतरंजीवर बसली, माझ्या मांडीवर डोकं टाकलं, आणि ते हसणं कधी फुटलं ते तिलाही कळलं नाही. किती रडली म्हणून सांगू! ड्रायरमधले गरम टॉवेल तिने एकेक करून भिजवले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वरून रियाने विचारलं, “मम्मा, आर यू लाफिंग ऑर क्रायिंग?” मंजिरी ओरडली, “बोथ!”

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “मग आता सीनियर कोण?”

मी म्हटलं, “जागा तुझ्या आईची. तू बस.”

“छे! मी ज्युनिअर. तुम्ही बसा.”

“नको गं, तू.”

“नाही, आधी तुम्ही!”

आणि दोघींच्या एकदमच लक्षात आलं. खुर्ची मधे, राणीसारखी. आम्ही दोन बाजूंना. म्हटलं, आता नितीन चौथी आणतो की काय!

मग मंजिरी उठली. खुर्चीच्या हातावर तिने दोनदा थोपटलं. कोणी शिकवलं तिला? तुम्ही शिकवलं होतंत? की जिन्यात उभी राहून बघायची? मला हाताला धरून बसवलं. कापडाला अजून तुमच्या तेलाचा वास आहे. मी पाय खालीच धरून ठेवले, तर ती समोर सतरंजीवर बसली आणि दांड्यावर हात ठेवून म्हणाली,

“आई, पाय वर घ्या.”

घेतले. सुनेकडे पाय करून बसले, विहीणबाई. तिने माझीच शाल माझ्या पायांवर टाकली.

ट्रकवाल्यांना तिने आज सकाळी फोन करून नको म्हणून सांगितलं. आणि तुमची बॅग आम्ही दोघींनी मिळून उघडली. पातळं कपाटात लावली, खालच्या खोलीत. आता तुम्ही पाहुण्या नाही.

माझं तुम्हाला एकच वचन. मंजिरीचं ठाण्याचं माहेर तुमच्याबरोबर गेलं; ते मला परत आणता यायचं नाही. पण या घराच्या बेसमेंटात तिचं माहेर मी चालवीन. दर शनिवारी ती तेरा पायऱ्या उतरून माहेरी येईल. कपड्यांच्या घड्या घालायला नव्हे, नुसतं बसायला. आणि वर जेवायच्या टेबलावर, मी असेतो, पहिला घास तिचा. तोवर मी पोळीला हात लावणार नाही. तुमच्याकडूनच शिकले.

सीनियरची जागा मी फक्त सांभाळतेय हं, कायमची घेतलेली नाही. मी तिकडे आले की खुर्चीतून उठणार नाही ना? की तिथेही ‘आधी तुम्ही’?

तुमची ज्युनिअर,
इंदू